शेंगोळे : एका भांड्याचा इतिहास

बुधवारची रात्र. हिंजवडीच्या चौकात सव्वा तास अडकून घरी पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्या आठवड्यात आमचा रिलीज होता, त्यामुळे डोकं आधीच बधिर झालेलं. रूम पार्टनर नूडल्सचं पाकीट फोडायच्या बेतात होता. फ्रीजमध्ये अर्धा कांदा आणि कोथिंबिरीची सुकलेली जुडी, बास. आईला फोन केला. ती म्हणाली, "दिवाळीत दिलेलं हुलग्याचं पीठ संपलं का रे? नसलं संपलं तर शेंगोळे टाक की. एक पातेलं, अर्धा तास."

पीठ संपलेलं नव्हतं. खरं तर उघडलंही नव्हतं. :)

त्या रात्री केलेले शेंगोळे दिसायला अगदीच ओबडधोबड होते, पण चव जमली. रूम पार्टनर (हा नागपूरचा, त्याने शेंगोळे हा शब्दच पहिल्यांदा ऐकला) दोन वाट्या रस्सा नुसताच प्यायला आणि म्हणाला, "अरे हे तर वन-पॉट मील आहे, लोक यावर व्हिडिओ बनवतात." मी छाती फुगवून सांगितलं की आमच्या बीडकडे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. नंतर झोपताना विचार आला, पिढ्यान् पिढ्या म्हणजे नक्की किती? आणि एकाच भांड्यात का? आमच्या घरी भांड्यांना काही तोटा नव्हता. पुढचे दोन वीकेंड या प्रश्नात गेले. त्यातून जे हाती लागलं ते हे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं आणि थोडं गव्हाचं पीठ घालायचं, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण घालून घट्ट मळायचं. तळहातावर वळून त्याच्या लांब वळ्या करायच्या, कोणी त्याची कडी करतं, कोणी तसेच तुकडे ठेवतं. मग लसणाची सणसणीत फोडणी, त्यावर पाणी, पाण्याला उकळी आली की वळ्या सोडायच्या. त्या शिजता शिजता पाण्याला दाटपणा देतात. म्हणजे रस्साही तोच आणि पोटभरीचं जेवणही तेच. शेंगेसारखे दिसतात म्हणून शेंगोळे, असं आई सांगते. बीड, नगर, सोलापूर या पट्ट्यात हे घरोघरी माहीत आहेत. कल्पना जगात इतरत्रही आहे म्हणा. गुजरातची दालढोकळी, आपल्याकडची वरणफळं, इटलीतला घेवडा घातलेला पास्त्याचा रस्सा. सगळीकडे अल्गोरिदम एकच : पीठ आणि डाळ एकाच उकळत्या पाण्यात.

यात आमचा म्हणावा असा भाग म्हणजे हुलगा. कोकणातले लोक त्याला कुळीथ म्हणतात. हे धान्य किती जुनं आहे हे शोधायला लागलो आणि थक्क झालो.

बीडहून पुण्याला येताना नगरनंतर (आता अहिल्यानगर) शिरूर लागतं. तिथून जवळच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथे खणून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं एक अख्खं गाव बाहेर काढलं. घरं, चुली, धान्याची पेवं, सगळं. आणि जळून कोळसा झालेल्या धान्यात सातू, गहू, मसूर यांच्या जोडीला चक्क हुलगे! म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी या पठारावर कुणाच्या तरी चुलीत सांडलेले हुलगे आज प्रयोगशाळेत ओळखता येतात. आणखी एक गोष्ट वाचली ती विसरता येत नाही. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं, शेती आक्रसली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांवर जास्त विसंबू लागले, असं ढवळीकरांनी मांडलं आहे. म्हणजे दुष्काळाशी आमची ओळख किती जुनी ते बघा.

दुसरा पुरावा तर आपल्या धंद्यातल्या माणसाला फारच आवडेल असा आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, चौथ्या अध्यायात, 'अमुक पदार्थाने संस्कारित केलेलं अन्न' असा अर्थ सांगणारे शब्द कसे बनवायचे याचा नियम आहे. आधी सगळ्यांसाठी एक जनरल नियम आहे, त्यानुसार दही घातलेलं ते 'दाधिक'. लगेच पुढच्या सूत्रात अपवाद येतो, आणि त्यात नाव घेऊन कुलत्थ! कुलत्थाने सिद्ध केलेलं ते 'कौलत्थ'. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोडमध्ये आपल्या हुलग्यासाठी खास एक्सेप्शन हँडल केलेलं आहे. लोक रोजच्या बोलण्यात हा शब्द वापरत असल्याशिवाय कुणी त्याच्यासाठी वेगळं सूत्र लिहील का? आयुर्वेदाच्या ग्रंथांतही कुलत्थ येतो. उष्ण, खोकल्यावर आणि मुतखड्यावर उपयोगी. आमच्याकडे सर्दी झाली की शेंगोळ्याचा गरम रस्सा पाजतात, ते उगाच नाही.

मात्र 'पिढ्यान् पिढ्या' म्हणताना जरा जपून. आज आपण करतो ते शेंगोळे काही पाणिनीने खाल्लेले नाहीत. त्यातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. रश्श्यात घालतो तो दाण्याचा कूट, तोही मूळचा तिकडचाच. ज्वारी आफ्रिकेची. गावाकडचं अस्सल म्हणून आपण जे मिरवतो त्यातला अर्धा माल इम्पोर्टेड आहे. :) लसूण, जिरं आणि हुलगा, हे तेवढे जुने भिडू.

असो. आता दुसरा प्रश्न. एकाच भांड्यात का?

इथे इंजिनियरसारखा विचार केला की उत्तर सापडतं. कुठल्याही डिझाइनच्या मागे काहीतरी टंचाई असते. बीडच्या स्वयंपाकघरात तीन गोष्टींची टंचाई होती : पाणी, सरपण आणि बाईचा वेळ.

पाण्याचं सांगायला नको. सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आमचा जिल्हा. बालाघाटच्या डोंगररांगेवरची पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर ही गावं तर मुरमाड जमिनीची. वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर, तोही आला तर आला. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. अशा ठिकाणी ज्या पाण्यात शिजवलं तेच पाणी जेवण म्हणून वाढायचं, यात किती शहाणपण आहे बघा. पाणी ओतून देणं नाही, आणि घासायला भांडं एकच. सरपणाचंही तसंच. डोंगर बोडके, जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. भाकरी-कालवण करायचं तर तवा वेगळा, पातेलं वेगळं, आणि एकेक भाकर थापून, भाजून काढेपर्यंत चूल पेटती ठेवायची. आठ-दहा माणसांच्या घरात हे काम तासाभराचं. शेंगोळ्यात सगळं एकदम उकळतं.

आणि हुलगा तर याच जमिनीसाठी बनलेला. कमी पाण्यावर, हलक्या रानात येतो, फार निगा मागत नाही. १०० ग्रॅममध्ये साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. अडचण एकच, अख्खा हुलगा लवकर शिजत नाही, जळण खातो. उपाय? भाजून दळायचा. पीठ झटकन शिजतं. म्हणजे चुलीवरचा वेळ वाचला.

इथे मी जाम खूष होतो. मस्त थिअरी झाली होती. रविवारी गावी फोन करून आजीला ऐकवली. आजीचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् दळायचं कुणी रं?"

बरोबर होतं तिचं. अर्धा तास हा आईचा हिशोब, गिरणीनंतरचा. गावात गिरणी यायच्या आधी पहाटे उठून बाया जात्यावर दळत. चुलीवरचा वेळ वाचला होता तो जात्यावर खर्च होत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड कमी झाला नव्हता, फक्त दुसऱ्या सर्व्हरवर टाकला होता. त्याच जात्यावर त्या बाया ओव्या म्हणत. हेमा राईरकर आणि गी पॉत्वां या दोघांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून जमा केल्या, त्यात आमच्या माजलगावच्या बायांच्याही आहेत. मी त्यातल्या काही ऐकल्या. जेवढी गोडी तेवढाच शीण आहे त्यात.

मग आजीने जे सांगितलं ते मला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित मीच कधी विचारलं नव्हतं.

७२ चा दुष्काळ आपल्याला पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरता माहीत असतो. त्याआधीची एक-दोन वर्षंही पावसाने दगा दिलेला, आणि १९७२ साली तर हातातलं सगळंच गेलं. सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आणि 'मागेल त्याला काम' ही कल्पना मांडणारे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून लागू झाला. पुढे २००५ साली अख्ख्या देशाला रोजगार हमीचा कायदा मिळाला, त्याचं मूळ इथे आहे. हे मी इतिहासात वाचलं होतं, मार्कांपुरतं.

आजी त्या पन्नास लाखांपैकी एक होती, हे मात्र मला त्या रविवारी कळलं. वय बावीस, पदरात दोन वर्षांचं पोर. ते पोर म्हणजे माझे बाबा. दिवसभर पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहायच्या, पोराला झाडाखाली झोळीत टाकायचं. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून पोरासाठी आणायची. रेशनवर मिलो मिळायची, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. "लई वंगाळ. भाकर थापाया गेलं की तुटायची," आजी म्हणाली. थापता येत नाही, मग करायचं काय? मिलोचं पीठ आणि घरात उरलेले चार-दोन ओंजळी हुलगे दळून त्याच्या वळ्या करायच्या आणि फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. फोडणी म्हणजे तरी काय, तेलाचा थेंब आणि दोन लसूण पाकळ्या. पाच जणांना पुरवायचं म्हणून पाणी वाढवत न्यायचं. वळ्या मोठ्यांना, रस्सा पोराला. "तुजा बाप त्या पान्यावर वाढला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आजी, आता शहरात लोक हुलग्याला सुपरफूड म्हणतात."

ती हसली. म्हणाली, "आरं, आमी तर पाव्हना आला की पातेलं झाकून ठिवायचो. हुलगं शिजलं म्हंजी घरात काय न्हाई, असं समजायची लोकं."

इंग्रजीत या धान्याच्या नावातच घोडा आहे. आपल्याकडेही बैलांना हुलगे शिजवून घालायची पद्धत होती. जे जनावराला घालतात ते माणसाने खाल्लं तर लाज वाटणारच. आणि चार पैसे येताच लोकांनी पहिल्यांदा सोडलं ते हेच. आमच्या लहानपणी घरी शेंगोळे व्हायचे ते पावसाळ्यात, कुणाला सर्दी झाली तर, आणि बाबांना हवे असायचे म्हणून. बाबा ते न बोलता खायचे. मला वाटायचं, त्यांना आवडतात म्हणून.

रानातूनही हुलगा हटला. जिथे जमेल तिथे कापूस आला, मग सोयाबीन आलं, धरणाच्या पाण्यावर ऊस आला. आणि उसाचं नाव निघालं की बीडच्या माणसाला गप्प बसता येत नाही. कारण ऊस पिकतो मुख्यतः दुसऱ्यांच्या जिल्ह्यात आणि तोडायला जातात आमची माणसं. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्यांना तोडणीसाठी माणसं हवी होती आणि आमच्या डोंगरपट्ट्यात माणसांना काम हवं होतं. ७२ नंतर हा ओघ वाढला असं गावातली जुनी माणसं सांगतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. माणूस मोजायचं माप 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता.

मी माझ्या वेळेच्या टंचाईबद्दल फार बोलतो. फडावरच्या बाईचा दिवस असा असतो : पहाटे तीन-चारला उठून कोपीसमोर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी, उजाडताना फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहणं, गाडी भरणं, आणि परत येऊन पुन्हा तीच चूल. कामावर न येण्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचे पैसे कापले जातात, मग पाळी असो की आजारपण. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसमोर बीड जिल्ह्याच्या पाहणीचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली. कारणं एकाहून जास्त आहेत, खासगी दवाखान्यांची कमाई आणि अज्ञान ही त्यात आलीच. पण एक दिवसही थांबायची सोय नसणं, हे त्यातलं मोठं कारण.

तुम्ही म्हणाल, रेसिपीवरून हा कुठे भरकटला. भरकटलो नाही हो. पाणी नाही, जळण नाही, वेळ नाही म्हणून एका भांड्यात शिजवणारी बाई माझ्या आजीबरोबर संपली असं मला वाटत होतं. ती संपलेली नाही, एवढंच म्हणायचंय. आम्ही दोघंही घाईत, पण माझी घाई ट्रॅफिक आणि रिलीजची. तिची घाई वेगळी. दोन्हींना एकच शब्द वापरताना जरा अडखळायला होतं.

आता रेसिपी. दोघांना पोटभर :

एक वाटी हुलग्याचं पीठ (हुलगे मंद आचेवर खमंग भाजून दळलेले), अर्धी वाटी ज्वारीचं, पाव वाटी कणीक. कणीक नसली तर वळ्या पाण्यात फुटतात. दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, तीन-चार हिरव्या मिरच्या वाटून घ्या. त्यातलं अर्धं वाटण, हळद, मीठ पिठात घालून घट्ट मळा. दहा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात अंघोळ उरका. तेलाचा हात लावून करंगळीएवढ्या जाड वळ्या करा. पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी, उरलेलं वाटण, हवं तर थोडं लाल तिखट. लसूण लाल झाला की सहा वाट्या पाणी, मीठ, दोन चमचे दाण्याचा कूट. पाणी खळखळून उकळू लागल्याशिवाय वळ्या सोडू नका, आणि सोडल्यावर पाच मिनिटं डाव घालू नका. मी पहिल्या वेळी घातला होता, पिठलं झालं. परातीला लागलेलं पीठ वाटीभर पाण्यात धुऊन तेही रश्श्यात ओता, त्याने दाटपणा येतो आणि परातही अर्धी धुतली जाते. अर्धवट झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं. वळी मोडून बघा, आत कोरडं पीठ दिसलं नाही की झालं. वरून कोथिंबीर, सोबत कच्चा कांदा.

परातीची ती युक्ती माझी नाही. आजीची आहे.

मागच्या महिन्यात बाबा पुण्याला आले होते, डोळ्यांच्या तपासणीसाठी. रात्री काय करू विचारलं तर म्हणाले, काहीही कर. मी शेंगोळे केले. आजीशी बोलणं झाल्यापासून त्यांना विचारायचं होतं की खरंच आवडतात का, की दुसरंच काही आहे. ते जेवायला बसले, नेहमीसारखे गप्प. वळ्या बाजूला सारून आधी रस्सा प्यायले. मग वाटी पुढे करून म्हणाले, "पाणी जरा कमी घालत जा. आता पुरवायचं नाहीये कुणाला."

मी पुढच्या वेळेपासून पाच वाट्या घालतो. तुम्ही वर लिहिलेल्या सहा वाटीत घालूनच करा आधी, मग ठरवा.